५८,८२,३५३ : एका वाटणीतून हाती आलेली संख्या

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात एका कुटुंबाने आपले वडिलोपार्जित कुळागर विकले. पोफळी, माड, पोफळींवर चढलेले मिरीवेल, केळी आणि मधून खळखळत जाणारा पाट, असे जुने, भरलेले कुळागर. वाटेकरी सतरा, सगळी चुलत भावंडे. बहुतेक मुंबई-पुण्याकडे, दोघे परदेशात. गावात राहून बागायत सांभाळणारे एकच, आमच्या शेजारचे काका, तेही आता सत्तरीच्या पुढे. कुळागर गेल्याचे वाईट सगळ्यांनाच वाटले. मी लिहितो आहे ते मात्र त्या व्यवहाराच्या कागदावर उमटलेल्या एका सात अंकी संख्येविषयी. तिची पूर्ण ओळख व्हायला मला आणि काकांच्या नातीला चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सगळी सुट्टी लागली.

मी उच्च माध्यमिक विद्यालयात गणित शिकवतो. नात अकरावीत आहे, माझ्याच वर्गात नाही, पण लहानपणापासून घरी येते-जाते.

सौदा दहा कोटींना ठरला होता. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे वाटे सतरा असले तरी कागदावर सह्या तिसाच्या घरात. सगळ्यांना एकत्र आणायचे तर चवथीसारखा मुहूर्त नाही, कारण चवथीला गावच्या घरी येणे कोणी चुकवत नाही. पुण्याच्या पुतण्याने एक्सेलमध्ये तक्ता करून आणला होता. एक-चौदाच्या उताऱ्यावरची (गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद) नावे क्रमाने, प्रत्येकापुढे ५८,८२,३५३ रुपये, आणि तळाला बेरीज १०,००,००,०००. छापील, स्वच्छ कागद.

काकांनी चाळीस वर्षे बागायतीचा जमाखर्च वहीत लिहिला आहे. छापील बेरजेवर विश्वास ठेवणे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांचा कॅल्क्युलेटर आठ अंकी, त्यावर सतराने गुणले तर नुसता ई दिसतो. म्हणून त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हाताने गुणाकार मांडला.

५८,८२,३५३ दाहे ५,८८,२३,५३०. तेच साते ४,११,७६,४७१. दोन्हींची बेरीज १०,००,००,००१.

तीनदा केला, तिन्ही वेळा तेच. संध्याकाळी आरतीआधी ते वही घेऊन आमच्या ओसरीवर आले आणि म्हणाले, “मास्तर, हा एक रुपया चड कुठून आला?” आमच्याकडे जास्तीला चड म्हणतात. रुपयाचे त्यांना काही नव्हते. पण सतरा घरांच्या वाटणीत बेरीज जुळत नसेल तर कोणीतरी कधीतरी त्यावर बोट ठेवणार, आणि ते बोट गावात राहणाऱ्यावरच येणार, ही त्यांची काळजी. ती रास्त होती. वाटणीच्या कागदावर अंक चुकले की माणसांची मने कशी फिरतात, हे या भागात सगळ्यांनी पाहिलेले आहे.

रुपयाचा उलगडा

हा भाग सोपा आहे. दहा कोटींना सतराने भागले की ५८,८२,३५२.९४११७६… असे येते. एक्सेलच्या घरात पूर्ण संख्या तशीच असते, डोळ्यांना दिसते ती मात्र पैसे गाळून जवळच्या रुपयाला आणलेली. बेरीज करताना तो आतली खरी संख्या घेतो, म्हणून तळाला दहा कोटी बरोबर येतात. कागदावर छापली जाते दिसणारी संख्या, आणि काकांनी गुणली तीही दिसणारीच. तक्ता त्याच्या जागी बरोबर होता आणि काकाही.

पण मग चड रक्कम नेमकी एक रुपयाच का? सतरा जणांचे पैसे वर ढकलले, तर सत्तर पैसे किंवा एक रुपया चाळीस पैसे असे काहीही व्हायला हवे होते असे वाटते. तसे होत नाही. प्रत्येक वाटा पूर्ण रुपयाला नेमका एक सतरांश रुपया कमी पडतो. असे सतरा एक सतरांश मिळून बरोबर एक रुपया.

म्हणजे दहा कोटींत एक मिळवला की सतराने पूर्ण भाग जातो:

१०,००,००,००१ = १७ × ५८,८२,३५३

काका समाधानाने उठले. मी मात्र त्या ओळीकडे बघत बसलो. एकावर सात शून्ये आणि शेवटी पुन्हा एक, अशी ही मोठी संख्या. तिचा एक अवयव सतरा. दुसऱ्याचे आणखी तुकडे पडतात का?

मूळ की संयुक्त

दुसऱ्या दिवशी सकाळी नात आली. “सर, ही मूळ संख्या आहे का?” तिने हे स्वतःहून विचारले, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

सरळ मार्ग असा, की वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचे. ५८,८२,३५३ चे वर्गमूळ २४२५ च्या किंचित वर येते, आणि २४२५ पर्यंत ३६० मूळ संख्या आहेत. म्हणजे ३६० भागाकार. करता येतात, पण कंटाळून मधेच चूक होणार. त्याऐवजी ही संख्या कुठून आली याचा उपयोग करावा, असे मी तिला सुचवले.

समजा प ही मूळ संख्या १०,००,००,००१ ला भागते. म्हणजे १० चा आठवा घात प ने भागला तर बाकी ‘उणे एक’, पूर्ण भाग जायला एक कमी. त्याचा वर्ग केला की १० चा सोळावा घात, बाकी ‘एक’. आता १० चा सर्वांत लहान कोणता घात बाकी एक देतो? तो घातांक सोळाला भागणारा हवा, म्हणजे १, २, ४, ८ किंवा १६. आठ किंवा त्याहून लहान असता तर आठव्या घातालाही बाकी एक आली असती. ती तर उणे एक आहे. म्हणून सर्वांत लहान घात सोळावाच. इकडे फ्रेंच गणिती फेर्माने १६४० सालच्या पत्रात मांडलेले प्रमेय सांगते, की १० चा (प − १) वा घात प ने भागला तर बाकी एक येते. तेव्हा प − १ ला सोळाने भाग गेलाच पाहिजे.

एवढ्या एका निरीक्षणाने ३६० मधले बहुतेक सगळे गळतात. सोळाच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या: १७, ९७, ११३, १९३, २४१, २५७, ३३७, ३५३, ४०१… अशा शेवटी २४१७ पर्यंत. मोजून ४१.

ते ४१ भागाकार तिने माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळे-पाने टांगायच्या चौकटीखाली, बसून केले. वर कवंडळे, नारळाची पेंड, कच्च्या सुपारीचे घोस टांगलेले, खाली चटईवर वही आणि आजोबांचा आठ अंकी कॅल्क्युलेटर. प्रत्येक भागाकाराची बाकी तिने वेगळ्या रकान्यात लिहिली, नुसते ‘जात नाही’ असे लिहिले नाही. ती सवय मला फार आवडली, आणि तिचा लगेच उपयोगही झाला. ११३ ने भागल्यावर बाकी २५ आली. पुढे २४१ ने भागल्यावर पुन्हा २५. उतरवताना चुकलो असे वाटून तिने दोन्ही पुन्हा केले. चूक नव्हती. आपल्या संख्येतून २५ वजा केले की ५८,८२,३२८ उरतात, आणि ते आहेत २१६ × ११३ × २४१. दोघांचीही बाकी एकच येणे भाग होते. ४४९ ला तर बाकी फक्त ४ उरली. तेवढ्यात तिचा श्वास अडकला होता, असे तिनेच सांगितले. शेवटच्या २४१७ ला बाकी १७९२.

एकाही संख्येने भाग गेला नाही. ५८,८२,३५३ मूळ संख्या आहे.

५८८ आणि २३५३

आता या प्रकरणातला मला सर्वांत प्रिय भाग.

मूळ संख्या सोळाच्या पटीत एक मिळवून येते, म्हणजे चारच्या पटीतही एक मिळवून येते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेने लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे. हेही फेर्माने १६४० मध्येच पत्रात लिहिले होते. सिद्धता स्विस गणिती ऑयलरने १७४९ मध्ये दिली. तेव्हा आमच्या संख्येचेही दोन वर्ग असणार, हे मूळपण सिद्ध झाल्याबरोबर कळले. ते कोणते, हे शोधायचे राहिले.

मी तिला शोधायला सांगितले आणि बाणस्तारीच्या बाजाराला गेलो. परत येईपर्यंत तिने उत्तर काढले होते, आणि ते सांगताना तिचा आवाज बदललेला होता.

५८८ चा वर्ग ३,४५,७४४. २३५३ चा वर्ग ५५,३६,६०९. बेरीज ५८,८२,३५३.

संख्या पुन्हा एकदा बघा: ५८८ २३५३. संख्येचेच दोन तुकडे करावेत, त्यांचे वर्ग करावेत, मिळवावेत, आणि तीच संख्या परत यावी.

फोनवर फिरणाऱ्या संदेशांत अशा गोष्टी ‘अद्भुत योगायोग’ म्हणून येतात आणि तिथेच संपतात. मला ते पटत नाही. योगायोग म्हटले की विचार थांबतो, आणि इथे तर कारण अगदी हाताशी आहे. दहा हजारांना सतराने भागा. १७ × ५८८ = ९९९६, बाकी ४. आणि दुसरा तुकडा २३५३ म्हणजे ५८८ ची चौपट अधिक एक. सगळे रहस्य या दोन ओळींत आहे.

दुसऱ्या तुकड्याच्या वर्गाची फोड करा. (चौपट अधिक एक) याचा वर्ग म्हणजे ५८८ च्या वर्गाची सोळापट, अधिक ५८८ ची आठपट, अधिक एक. त्यात पहिल्या तुकड्याचा वर्ग मिळवला की ५८८ च्या वर्गाची सतरापट होते. आता १७ × ५८८ च्या जागी ९९९६ लिहा. एकूण बेरीज झाली ५८८ × (९९९६ + ८) + १, म्हणजे ५८८ × १०,००४ + १. हे उलगडले की ५८८ × १०,००० अधिक २३५२ अधिक १. पहिला भाग ५८८ ला चार घरे डावीकडे सरकवतो, उरलेले २३५३ उजवीकडे बसतात. फळ्यावर चार ओळी, आणि एकही पायरी दहावीच्या पुढची नाही.

मी तिला आणखी एक गोष्ट दाखवली, कारण ती आपल्याकडची आहे. इ.स. ६२८ मध्ये भिल्लमाल इथे ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्ताच्या नावाने एक नित्य समानता ओळखली जाते. दोन वर्गांची बेरीज असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार केला तर तोही दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तो दोन रीतींनी मांडता येतो. इथे १७ म्हणजे ४ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. दुसरी संख्या ५८८ चा वर्ग अधिक २३५३ चा वर्ग. समानतेत घालून बघा.

एका रीतीने: ४ × २३५३ + ५८८ = १०,०००, आणि २३५३ − ४ × ५८८ = १. म्हणजे गुणाकार = १०,००० चा वर्ग + १ चा वर्ग. दहा कोटी एक, काकांच्या वहीतली तीच रक्कम.

दुसऱ्या रीतीने: ४ × २३५३ − ५८८ = ८८२४, आणि ४ × ५८८ + २३५३ = ४७०५. त्यांचे वर्ग ७,७८,६२,९७६ आणि २,२१,३७,०२५. बेरीज पुन्हा दहा कोटी एक.

दोनच मूळ अवयव असल्याने याहून तिसरी रीत नाही. आणि यातूनच, स्वतःच्या चार-चार अंकी तुकड्यांच्या वर्गांची बेरीज असलेल्या संख्या किती, याचेही पक्के उत्तर मिळते. तुकडे क आणि ख धरले, तर क × १०,००० + ख ही संख्या क आणि ख यांच्या वर्गांच्या बेरजेइतकी हवी. चारने गुणून मांडले की अट अशी होते, की (२क − १०,०००) आणि (२ख − १) यांच्या वर्गांची बेरीज दहा कोटी एक यावी. ८८२४ वरून क येतो ५८८ किंवा ९४१२; ४७०५ वरून ख येतो २३५३. म्हणजे आपल्या संख्येला एक भावंड आहे: ९,४१,२२,३५३. तपासा, ९४१२ चा वर्ग ८,८५,८५,७४४, त्यात ५५,३६,६०९ मिळवले की तीच संख्या. शून्यांनी बनलेली क्षुल्लक उदाहरणे सोडली तर तिसरी नाही.

दोन-दोन अंकांचे तुकडे घेतले तर असेच जोडपे सापडते, १२३३ आणि ८८३३. त्यांचे मूळ १०,००१ = ७३ × १३७ यात आहे. ती जोडी नातीने त्याच रात्री स्वतः काढली. मी फक्त १०,००१ चे अवयव सांगितले होते.

सतराशी नाते

एक भागिले सतरा केले तर ०.०५८८२३५२९४११७६४७ असे सोळा अंक येतात आणि पुन्हा तेच सुरू होतात. पहिले आठ अंक ०५८८२३५२, पुढचे आठ ९४११७६४७. दोन्ही मिळवा: ९,९९,९९,९९९. पहिल्या आठांत एक मिळवा: आपली संख्या. काकांच्या वाट्याची खरी रक्कम ५८,८२,३५२.९४११७६४७… होती, तिच्यात दशांश चिन्हाच्या अलीकडे पहिला अर्धा आणि पलीकडे दुसरा अर्धा बसलेला दिसतो.

आता उलट करा. एक भागिले ५८,८२,३५३. दशांश चिन्हानंतर ००००००१६ ९९९९९९८३, आणि पुन्हा तेच. इथेही सोळाच अंकांचे आवर्तन. सात अंकी मूळ संख्येचे आवर्तन जास्तीत जास्त ५८,८२,३५२ अंकांपर्यंत लांबू शकले असते; इथे ते सोळा अंकांत मिटते. पहिल्या अर्ध्यात १६, म्हणजे सतरा वजा एक. दुसऱ्या अर्ध्यात दहा कोटी वजा सतरा. सतराच्या आवर्तनात जे काम ५८,८२,३५३ करते, तेच काम हिच्या आवर्तनात सतरा करतो.

सोळा अंकी आवर्तन देणाऱ्या मूळ संख्या एकूण किती, असा प्रश्न लगेच येतो. अशा प्रत्येक संख्येने दहा कोटी एकला भागलेच पाहिजे, आणि त्याला भागणाऱ्या मूळ संख्या दोनच. म्हणजे मोजल्या न जाणाऱ्या मूळ संख्यांच्या गर्दीत सोळा अंकांचे आवर्तन असलेल्या फक्त या दोन: १७ आणि ५८,८२,३५३. सतरा वाटेकरी आणि प्रत्येकाचा वाटा. हे समजले तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता, आणि आम्ही दोघेही काही वेळ काहीच बोललो नाही.

इतर प्रकारांत तपासणी

मूळ संख्यांचे अनेक उपप्रकार आहेत. नातीने यादी करून एकेक तपासले. ते थोडक्यात सांगतो. दुप्पट करून एक मिळवला तर १,१७,६४,७०७ येतात, अंकांची बेरीज ३३, तिनाने भाग जातो. म्हणून ती सोफी जर्मेन मूळ संख्या (जिची दुप्पट अधिक एक हीही मूळ असते) नाही. उलटी लिहिली तर ३५,३२,८८५, शेवटी पाच. म्हणजे उलटी संख्या मूळ नाही. दोन मिळवले तरी शेवटी पाचच येतात, तेव्हा वरच्या बाजूला जोडमूळ सोबती (दोनच्या अंतरावरची मूळ संख्या) नाही. काटकोन त्रिकोणाचा कर्ण मात्र ती होते: बाजू २७,६७,१२८ आणि ५१,९०,८६५. दोन वर्गांच्या बेरजेतून हे आपोआप येते.

देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांची आठवण इथे व्हायलाच हवी. शाळेत शिकवत असताना, वही-पेन्सिलीवर, त्यांनी संख्यांचे जे प्रकार शोधले ते आज जगभर त्यांच्या नावाने अभ्यासले जातात. मराठी मुलांना त्यांच्याविषयी फार उशिरा कळते याचे मला दरवर्षी वाईट वाटते. त्यांची ‘हर्षद’ संख्या म्हणजे आपल्या अंकांच्या बेरजेने भागली जाणारी. आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ३४, बरोबर सतराची दुप्पट. पण दहाच्या पुढची मूळ संख्या हर्षद असू शकत नाही. त्यांचाच दुसरा प्रकार ‘स्वयंभू’. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी संख्या बनते ती जन्मलेली, आणि जी अशी कुठूनच बनत नाही ती स्वयंभू. नातीला आशा होती की ही स्वयंभू निघेल. नऊने भागल्यावरच्या बाकीवरून जनक, म्हणजे जिच्यापासून ही बनते ती संख्या, शोधायची घरे सहाच उरतात. पाच घरे रिकामी गेली आणि एकात सापडला: ५८,८२,३१८, अंकांची बेरीज ३५, दोन्ही मिळून ५८,८२,३५३. जनक एकच, पण आहे. ती हिरमुसली. मी तिला सांगितले की ‘नाही’ हे उत्तरही वहीत तेवढ्याच नीट अक्षरात लिहायचे, आणि तिने तसे लिहिले.

कागदाचे काय झाले

पाचव्या दिवशी विसर्जनाआधी सगळे जमले तेव्हा काकांनी विषय काढला. सगळ्यांना ५८,८२,३५२ लिहिले असते तर सोळा रुपये उरले असते, आणि सोळा रुपयांचे सतरा वाटे पुन्हा होत नाहीत. सोळा जणांना ५८,८२,३५३ आणि एकाला एक रुपया कमी, असे केले तर ९,४१,१७,६४८ अधिक ५८,८२,३५२ मिळून दहा कोटी बरोबर. तो एक रुपया कमी कोणी घ्यायचा यावर काका म्हणाले, “थोरला मी, तेव्हा मीच.” वाटेकऱ्यांतल्याच एका चुलत बहिणीने, जिला नात आते म्हणते, हरकत घेतली, बागायत ज्याने राखली त्यालाच कमी का म्हणून. तेव्हा नात पुढे झाली आणि वही उघडून म्हणाली, “आते, आजोबांचा वाटा कमी नाही गो, त्यांचाच चांगला आहे.”

इतर सोळा जणांची रक्कम मूळ संख्या. घरात दोन मुलगे असोत की तीन मुली, पूर्ण रुपयांत तिचे सारखे वाटे होणार नाहीत. आतेचेच दोन मुलगे. एकाला २९,४१,१७६ आणि दुसऱ्याला २९,४१,१७७ लिहावे लागणार. काकांची रक्कम एकाने कमी, ५८८ × १०,००४. तिचे मूळ अवयव चार वेळा २, एकदा ३, दोनदा ७, मग ४१ आणि ६१. तिला भागणाऱ्या संख्या एकशेवीस.

काकांना तीन मुले. त्यांनी तिथेच पेन मागून घेतले आणि वहीच्या त्याच मागच्या पानावर, गुणाकाराच्या खाली, भागाकार मांडला. प्रत्येकी १९,६०,७८४. बाकी शून्य.